फ्लश ड्रॉवर कॉल की फोल्ड? आधी पॉट मोजा

टेक्सास होल्डम या पोकरच्या प्रकारात फ्लॉपवर (टेबलावर उघडलेली पहिली तीन पानं) आपल्या दोन पानांसह एकाच रंगाची चार पानं जमली, म्हणजे फ्लशला (एकाच रंगाची पाच पानं) एकच पान कमी, की फोल्ड करायला (डाव सोडायला) जीवावर येतं. पण इथे पानांइतकंच पॉटचं (मधे जमलेल्या चिप्सचं) गणितही बघावं लागतं.

समजा, तुमच्याकडे बदामची राणी आणि दश्शी आहे. फ्लॉपवर बदामची सत्ती, बदामची तिर्री आणि किलवरचा राजा. पॉट 600 चिप्सचा, समोरच्याने 300 लावले. आता पॉट 900, तुम्ही 300 भरले की 1200 होणार. 300 भागिले 1200, म्हणजे 25 टक्के. निदान एवढ्या वेळा जिंकलात तरच कॉल (समोरच्याएवढ्या चिप्स भरणं) परवडतो.

तुम्हाला न दिसलेली पानं 47, त्यांत बदाम 9. टर्नवर (टेबलावरचं चौथं पान) बदाम पडण्याची शक्यता 19 टक्के. टर्न आणि रिव्हर (पाचवं, शेवटचं पान) मिळून 35 टक्के. चूक होते ती नेमकी इथेच: 35 चा आकडा पाठ असतो, पण तो दोन्ही पानं याच 300 मध्ये बघायला मिळणार असतील तरच लागू होतो. समोरचा 300 लावून ऑल-इन (सगळ्या चिप्स लावून मोकळा) झाला असेल तर बिनदिक्कत कॉल करा. त्याच्याकडे चिप्स शिल्लक असतील तर टर्नवर तो पुन्हा पैसे मागणार, म्हणून हिशेब 19 चाच धरा. तेच पान, तीच बेट (लावलेली रक्कम), उत्तर मात्र उलटं.

19 आणि 25 मधली तूट भरून निघू शकते, फ्लश लागल्यावर त्याच्याकडून आणखी चिप्स निघणार असतील तर. या उदाहरणात टर्नवर बदाम आल्यानंतर सरासरी आणखी 370 च्या आसपास मिळायला हवेत. त्याच्यापुढे 200 च उरले असतील तर फोल्ड. तिसरा बदाम पडताच बिचकून पानं टाकणारा असेल, तरी फोल्डच.

नऊची नऊ पानं तुमचीच आहेत असंही धरू नका. समोरच्याकडे एक्क्यासह दोन बदाम असतील तर तुमचा फ्लश लागूनही हरतो, आणि बोर्डवर (टेबलावरच्या पानांत) जोडी पडली की फुल हाउसची (एका आकड्याची तीन आणि दुसऱ्याची दोन पानं, फ्लशपेक्षा वरचा हात) भीती. कॅश गेममध्ये पॉटमधून रेक (खेळवणाऱ्याचा वाटा) कापला जातो. काठावरचा कॉल त्यानेच तोट्यात जातो.

रिव्हरला ड्रॉ संपतो. आपण बेट लावायची असेल तर एकच विचारा: आपल्यापेक्षा कमकुवत हात कॉल करेल का? नसेल आणि तरी लावत असाल, तर तो ब्लफ. अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनदा लावला तर निदान एकदा समोरच्याने फोल्ड करायला हवं, पूर्ण पॉटचा असेल तर दोनदा लावून एकदा. काहीही हातात असलं तरी कॉल करणाऱ्यापुढे ब्लफ लावूच नका. त्याच्याकडून चांगल्या हातावर वसूल करा.