जपानी इतिहासावर लिहिताय? या चुका टाळा, आणि आधी तारखा तपासा

पुण्यात जपानी शिकलेली मुलं भाषांतराच्या नोकरीत न अडकता संशोधनाकडे वळली की मला मनापासून आनंद होतो. पण त्यांच्या पहिल्या निबंधात तीच चूक पुन्हा पुन्हा भेटते. तारखेची.

४७ रोनिनांनी, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंनी, किरा या दरबारी अधिकाऱ्याच्या वाड्यावर हल्ला केला तो गेन्रोकु १५ (गेन्रोकु या शकाचं पंधरावं वर्ष), बारावा महिना, १४ तारखेच्या रात्री. मुलं सरळ ‘१४ डिसेंबर १७०२’ लिहून मोकळी होतात. प्रत्यक्षात तेव्हा १७०३ चा जानेवारी संपत आला होता. म्हणजे सालसुद्धा चुकलं! जपानने ग्रेगरियन कॅलेंडर स्वीकारलं १ जानेवारी १८७३ ला. त्याआधीचे महिने चांद्र, आणि मधूनमधून अधिक महिना. आपला अधिक महिना निज महिन्याच्या आधी येतो, त्यांचा त्याच क्रमांकाच्या महिन्यानंतर. पंचांग पाहणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे अवघड जाऊ नये, तरी जातं.

माझेही यात तीन आठवडे गेले आहेत. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरच्या डचांच्या रोजनिशीत एक जहाज ऑगस्टमध्ये बंदराला लागलेलं, आणि जपानी कागदात सातव्या महिन्यात. मी सातवा म्हणजे जुलै धरला, जहाजं दोन मानली आणि दुसऱ्याचा माल शोधत बसले. शेवटी त्याच कागदात १५ तारखेच्या रात्रीचं पूर्ण चांदणं वाचलं आणि लख्ख उमगलं, की हा महिना चंद्राचा आहे. जहाज एकच होतं.

तेव्हापासून टिपणवहीत मी मूळ तारीखच आधी लिहिते. अमेरिकी नौदल अधिकारी पेरी जपानात कुरिहामाला उतरला: काएई ६, सहावा महिना, ९. त्याखाली, कोष्टकात पाहून, वेगळ्या शाईने १४ जुलै १८५३. मूळ तारीख कधीच खोडत नाही. मनातल्या मनात ‘महिनाभर पुढे’ करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

‘मेइजी १’ हे शकवर्षही जपून लिहा. हे नाव १८६८ च्या ऑक्टोबरात जाहीर झालं आणि त्या वर्षाच्या आरंभापासून लागू धरलं गेलं. त्या वसंतातल्या अस्सल पत्रावर आधीच्या शकाचं ‘केइओ ४’ असंच असणार.

जुनं वळणदार जपानी लेखन, कुझुशिजी, मोबाइलवर वाचून देणारं ‘मिवो’ अॅप मीही वापरते, पण आधी स्वतः ओळ लावून झाल्यावर. मोडीसारखंच आहे हे, हात बसायला महिने लागतात. पहिल्याच आठवड्यात अॅपचं वाचन उद्धृत करणाऱ्याला स्वतःची चूक ओळखूच येत नाही.

‘नो’ या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचे आचार्य झेआमी यांचे ग्रंथ १९०९ मध्ये छापून येईपर्यंत मोजक्या घराण्यांच्या पेटाऱ्यात होते. एदो काळातला (१६०३ ते १८६८) प्रत्येक नट ते वाचून रंगमंचावर जाई असं लिहू नका.

‘गेंजी’ या जुन्या जपानी कादंबरीच्या आर्थर वेलींनी केलेल्या इंग्रजी भाषांतरात अडतिसावं प्रकरणच नाही. केवळ त्यावरून मूळ रचनेबद्दल बोलू नये.

आणि पुरातत्त्वाचं पुस्तक हातात घेतलंत की प्रकाशनवर्ष पाहा. नोव्हेंबर २००० मध्ये ‘माइनिची’ वृत्तपत्राने मियागी प्रांतातल्या कामिताकामोरी इथे एका उत्खननकर्त्याची स्वतःच दगडी हत्यारं पुरतानाची छायाचित्रं छापली. लाखो वर्षांपूर्वीच्या म्हणून गाजलेल्या कित्येक जागा त्यानंतर बाद झाल्या, शालेय पुस्तकं बदलावी लागली. ग्रंथालयांतल्या जुन्या प्रतींत मात्र त्या जागा अजून तशाच छापलेल्या आहेत.