नफ्याची सरासरी बरोबर, पसारा मात्र सहापट: नमपायमधली दुरुस्ती

नमपाय (NumPy, पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी) वापरून, विक्रीचे यादृच्छिक नमुने काढून नफ्याचा अंदाज बांधला जात होता. विक्रीचे नग साधारण वितरणातले (normal, घंटेच्या आकाराचं): सरासरी 1000, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) 100. नगाची किंमत 50 रुपये, खर्च 40. म्हणजे नफा नगामागे 10 रुपये, आणि एकूण नफ्याचं विचलन 1000 यायला हवं. येत होतं 6400 च्या आसपास. तोट्याची शक्यता जवळजवळ शून्य असायला हवी, ती दिसत होती 6 टक्के. सरासरी 10,000 अचूक येत असल्याने चूक लवकर लक्षातच येत नाही.

कारण असं: उत्पन्न आणि खर्च ही दोन्ही फंक्शनं नगांचे नमुने आपापले नव्याने काढत होती. एकाच चलाचे दोन स्वतंत्र चल झाले. त्यामुळे उत्पन्नाचं विचलन 5000 आणि खर्चाचं 4000 यांचे वर्ग बेरजेत गेले, आणि त्या बेरजेचं वर्गमूळ 6400 च्या आसपास येतं.

उपाय: नगांचे 1 लाख नमुने एकदाच काढायचे आणि तोच अ‍ॅरे (आकड्यांची रांग) दोन्हीकडे पाठवायचा. मेमरी जेमतेम 0.8 एमबी. तपासणी सोपी आहे, उत्पन्नाकडच्या नगांतून खर्चाकडचे नग वजा केले की प्रत्येक जागी शून्यच यायला हवं. मधेच कुठला अ‍ॅरे सॉर्ट करू नका, जोड्या तुटतात.

उलटी चूकही होते. प्रत्येक फंक्शनात जनरेटर (यादृच्छिक आकडे देणारा) त्याच सीडने, म्हणजे त्याच सुरुवातीच्या आकड्याने बनवला, तर खरोखर स्वतंत्र असलेले चल हातात हात घालून चालतात! जनरेटर एकच, बाहेर बनवलेला.

नमुने 1 लाख का? 1000 नमुन्यांवर 5 टक्के शक्यतेच्या अंदाजाची प्रमाण त्रुटी (नमुन्यांमुळे होणारी चूक) 0.7 टक्का असते, 1 लाखावर 0.07.