डोकेदुखीचा हिशोब मोबाईलवर
अर्धशिशीसाठी गेले की डॉक्टरांचा पहिला प्रश्न, महिन्यातून किती दिवस? माझं ठरलेलं उत्तर, "होतं अधूनमधून." शेवटी ॲप घेतलं. पहिलं काढूनच टाकलं. ठणकत्या डोक्याने वीस प्रश्नांची उत्तरं कोण देणार? दुसऱ्यात चारच गोष्टी: दुखणं 0 ते 10, मूड, झोप, गोळी. रात्री ओटा आवरला की साडेनऊचा गजर. दुखलं नाही तरी 0 भरायचा, हे उशिरा कळलं.

महिनाअखेर गोळीच्या खुणा 17! साधी वेदनाशामकंही महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशी महिनोनमहिने घेतली, तर त्यांनीच डोकं दुखायला लागू शकतं. मूड दुखण्याच्या आदल्या दिवशीच घसरलेला दिसला (घरच्यांना म्हणे आधीच माहीत होतं). डॉक्टरांना विचारून गोळ्या कमी केल्या. पहिले दहा दिवस वाईट गेले. गेल्या महिन्यात खुणा 6.