मद्याशी जोडलेला संकेत उंदराला कशाकडे ओढतो, हे कसे तपासावे

मद्याशी जोडला गेलेला आवाज उंदराला केवळ मद्याकडे ओढतो की समोर असेल त्या बक्षिसाकडे, हे पाहायचे असेल तर प्रयोगात सुरुवातीपासून दोन कळा ठेवाव्यात. एक दाबली की मद्यमिश्रित पाणी मिळावे आणि दुसरी दाबली की साखरेचे पाणी. एका कळेचा प्रयोग सोपा असतो खरा, पण त्यातून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

मद्याची चव उंदरांना सहसा लगेच रुचत नाही, म्हणून आधी काही आठवडे त्यांच्या राहत्या पिंजऱ्यात ते दिवसाआड ठेवावे. त्यानंतर प्रशिक्षणाचे दोन टप्पे वेगवेगळे घ्यावेत. पहिल्यात एका आवाजामागोमाग मद्य आणि दुसऱ्या आवाजामागोमाग साखरेचे पाणी आपोआप येते. तिसऱ्या आवाजानंतर काहीच येत नाही, आणि तुलनेसाठी तो हवाच. दुसऱ्या टप्प्यात एकही आवाज नसतो, कळ दाबली तरच बक्षीस मिळते. अंतिम चाचणीपूर्वी आवाज आणि कळ एकत्र येऊ देऊ नयेत. तसे झाल्यास कळ दाबण्यातील वाढ संकेताने चेतवलेल्या ओढीमुळे झाली की आवाज होताच कळ दाबायची असे उंदीर शिकला म्हणून, हे सांगता येत नाही. कोणता आवाज आणि कोणती कळ कशाशी जोडायची, हेही निरनिराळ्या उंदरांमध्ये अदलाबदल करून ठरवावे.

चाचणीत दोन्ही कळा उपलब्ध असतात, आवाज वाजतात, पण बक्षीस दिले जात नाही, कारण ते मिळाले तर त्याचा परिणाम संकेताच्या परिणामात मिसळतो. प्रत्येक आवाजाच्या अगोदरच्या तेवढ्याच कालावधीतील दाबण्याची संख्या आवाज चालू असतानाच्या संख्येतून वजा करावी.

मद्याच्या आवाजाने मद्याचीच कळ अधिक दाबली गेली, तर परिणाम विशिष्ट समजावा. दोन्ही कळांवर वाढ दिसली, तर तो सर्वसाधारण उत्तेजनाचा. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका अभ्यासात मद्याच्या संकेताचा परिणाम सर्वसाधारण स्वरूपाचा आढळला होता, आणि माझ्या मते दुसऱ्या कळेचे खरे मोल इथेच कळते.

कळ कमी दाबली गेली म्हणून ओढ नाही, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. आवाज होताच उंदीर बक्षिसाच्या वाटीत तोंड घालून बसला, तर त्याला कळेकडे जायला वेळच उरत नाही. म्हणून वाटीतील प्रवेशांचीही नोंद ठेवावी आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत.