नाट्यप्रशिक्षण न घेता अभिनयाचा व्यवसाय कसा सुरू करावा

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग येथील जागा मोजक्याच असतात, आणि नोकरी, घरची परिस्थिती किंवा वय यांमुळे अनेकांना तो मार्ग मुळातच उपलब्ध नसतो. तेवढ्यावरून अभिनयाचा व्यवसाय आपल्यासाठी नाही असे समजण्याचे कारण नाही, कारण ऑडिशनच्या खोलीत पदवी कोणी विचारत नाही. निळू फुले पुण्यात माळीकाम करत होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडले, डॉ. श्रीराम लागू कान, नाक, घशाचे शल्यचिकित्सक होते. मात्र ही उदाहरणे देताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. या दोघांनी नाट्यशाळेत शिक्षण घेतले नसले, तरी व्यवसायात उतरण्यापूर्वी अनेक वर्षे तालमी केल्या होत्या. शाळा नसणे आणि शिक्षण नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी या व्यवसायात चालत नाही.

नाट्यशाळा विद्यार्थ्याला रोजचा सराव, चूक दाखवणारा जाणकार माणूस आणि पुढे याच क्षेत्रात काम करणारे सोबती देते. शाळेबाहेर राहून या गोष्टी मिळवायच्या असतील, तर सुरुवात एकांकिका आणि हौशी रंगभूमीपासून करावी. महाविद्यालयात असाल तर आपल्या कॉलेजच्या संघात आजच नाव द्यावे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेचा पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे, आणि मुंबईत 25 जानेवारीच्या रात्री होणाऱ्या चतुरंग प्रतिष्ठानच्या ‘सवाई’ एकांकिका स्पर्धेत राज्यभर विजेत्या ठरलेल्या एकांकिका एकमेकींसमोर उभ्या राहतात. महाविद्यालय संपलेल्यांसाठी राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा आहे. तिच्या प्राथमिक फेऱ्या नागपूर, नाशिक, कोल्हापूर अशा अनेक केंद्रांवर होत असल्याने तिच्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. गोव्यात कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा हेच काम करतात.

नाट्यसंस्थेत गेल्यावर पहिल्याच दिवशी भूमिका मागू नये. नेपथ्य लावणे, प्रॉम्प्टिंग (नट अडखळला तर विंगेतून वाक्य सुचवणे), प्रकाशयोजना किंवा संगीत ऑपरेट करणे यांपैकी जे काम रिकामे असेल ते मनापासून घ्यावे. हा काही नम्रतेचा उपदेश नव्हे, कारण शिकण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही. विंगेत उभे राहून एकच प्रवेश अनेक प्रयोगांत पाहिला, की एखाद्या वाक्यावर काल आलेला हशा आज का आला नाही हे दिसू लागते: नटाने शेवटचा शब्द गिळला, सहकलाकाराने वाक्य संपण्याआधीच मान वळवली, किंवा आधीच्या हशाला पुरेसा वेळच दिला गेला नाही. शिवाय प्रॉम्प्टिंग करणाऱ्याचे सगळे नाटक पाठ झालेले असते, त्यामुळे एखादा नट आयत्या वेळी येऊ शकला नाही तर दिग्दर्शकाची नजर प्रथम त्याच्याकडे वळते. व्यावसायिक नाटकातही रिप्लेसमेंट म्हणून उभे राहण्याची संधी बहुधा अशाच तयारीच्या माणसाला मिळते.

रोजच्या सरावात वाचिक अभिनयाला, म्हणजे आवाज आणि उच्चारांतून होणाऱ्या अभिनयाला, सर्वाधिक वेळ द्यावा. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करावे, ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि दुसऱ्या दिवशी ऐकावे. ‘चार’ या आकड्यातला च आणि जनावरांच्या ‘चाऱ्या’तला च वेगळे उमटतात का, न आणि ण, ल आणि ळ स्वच्छ ऐकू येतात का, वाक्याच्या शेवटी श्वास संपून आवाज बसतो का, हे तपासावे. आपली वऱ्हाडी, मालवणी किंवा खानदेशी बोली मात्र पुसून टाकू नये. प्रमाण मराठी आणि आपली बोली या दोन्हींत सहज वावरता येणारा नट दिग्दर्शकाला अधिक भूमिकांसाठी उपयोगी पडतो, आणि हिंदी मालिका-चित्रपटांचे क्षेत्र खुले ठेवायचे असेल तर हिंदी उच्चारांवरही तितकीच मेहनत घ्यावी लागते.

कॅमेऱ्यासमोरच्या कामाची पहिली पायरी आता बहुतेक वेळा सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच चित्रित करून पाठवलेली ऑडिशन, हीच असते. फोन डोळ्यांच्या उंचीवर स्थिर ठेवावा, मागे साधी भिंत असावी, आणि खिडकीचा उजेड पाठीमागून न येता चेहऱ्यावर पडावा. बारीक चौकड्यांचा किंवा रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरताना दिसतो, म्हणून एकरंगी कपडे घालावेत. आधी परिचय द्यावा: नाव, वय, उंची, राहण्याचे शहर, अवगत भाषा, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी चेहरा. समोरची वाक्ये वाचणाऱ्याला फोनच्या अगदी जवळ उभे करावे, म्हणजे तुमची नजर भिंगाशेजारी राहते. त्याचा आवाज मात्र तुमच्या आवाजापेक्षा बेताचाच हवा. पाठवण्यापूर्वी आवाज बंद करून एकदा टेप पाहावी. समोरचा बोलत असताना तुमच्या चेहऱ्यावर ऐकणे दिसत नसेल, तर वाक्ये कितीही चांगली म्हटलेली असली तरी ती टेप पुन्हा करावी.

महागड्या पोर्टफोलिओची सुरुवातीला गरज नसते. फारसा मेकअप न केलेली, स्वच्छ उजेडातली, आज तुम्ही जसे दिसता तशीच चार-पाच छायाचित्रे पुरेशी असतात. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘भूमिका नक्की झाली आहे, फक्त कार्ड काढावे लागेल’ असे सांगून कोणी पैसे मागितले, तर तिथेच बोलणे थांबवावे. कास्टिंग करणाऱ्याला त्याचा मोबदला निर्मात्याकडून मिळत असतो. रात्री उशिरा किंवा कोणाच्या खासगी खोलीत बोलावलेली ऑडिशन नाकारावी. ती नाकारल्याने हातचे काम जाईल ही भीती वाटते, पण खरे काम तशा अटीवर येत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा चित्रीकरणाच्या जागीही लागू होतो, हे प्रत्येक अभिनेत्रीला माहीत असावे.

गर्दीतली ज्युनियर आर्टिस्टची कामे सेट कसा चालतो हे पाहण्यासाठी थोडे दिवस करावीत, पण त्यात रेंगाळू नये, असे माझे मत आहे. दिवसभर उभे राहून अभिनयाचा सराव होत नाही आणि तालमीची वेळ मात्र हातून जाते.

पैशांचा विचार पहिल्या दिवसापासून करावा. नाटकात मोबदला प्रयोगागणिक मिळतो, त्याला ‘नाइट’ म्हणतात. मालिकेत तो दिवसावर ठरतो आणि प्रत्यक्ष हातात पडायला अनेकदा 90 दिवस लागतात. म्हणजे आज मोठी भूमिका मिळाली तरी पुढचे तीन महिने घरभाडे स्वतःच्या शिल्लकीतूनच भरावे लागते. त्यामुळे वर्षभराचा खर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडू नये, किंवा वेळ मोकळा ठेवणारे शिकवणी, अनुवाद, डबिंग यांसारखे काम धरून ठेवावे. डबिंगमध्ये वाचिकाचा सरावही होतो. करारावर सही करण्यापूर्वी महिन्याला किमान किती दिवसांचे काम मिळेल, मालिका चालू असताना नाटक करता येईल का, आणि मध्येच सोडायचे झाल्यास किती मुदत द्यावी लागेल, ही तीन कलमे शोधून वाचावीत. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, म्हणजे ‘सिंटा’, ही कलाकारांची संघटना थकलेल्या मानधनाच्या तक्रारीही हाताळते, म्हणून नियम तपासून तिचे सदस्यत्व घ्यावे. आणि पहिल्या चित्रीकरणापासून एका वहीत तारीख, शिफ्ट सुरू झाल्याची व सुटल्याची वेळ, ठरलेली रक्कम आणि कापला गेलेला टीडीएस लिहून ठेवावा. मानधन थकले तर निर्मितीसंस्थेशी बोलताना ही वही हाताशी असावी.