लाजाळू पुरुषाने प्रेमाकडे पहिलं पाऊल कसं टाकावं

मुलीशी बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीशी मी तीन वर्षांत कामापलीकडचं एक वाक्य बोललो नव्हतो. आज माझ्या लग्नाला नऊ वर्षं झालीत, आणि लग्न मी स्वतः विचारून ठरवलेलं आहे. मधल्या काळात मी काही धीट झालो नाही. अनोळखी माणसांत आजही आधी गप्पच असतो. पण काही गोष्टी एका क्रमाने केल्या, त्या इथे सांगतो.

सुरुवात मुलींपासून करू नका. रिक्षावाले काका, सोसायटीचे वॉचमन, भाजीवाल्या मावशी, अमृततुल्यवाला यांच्याशी रोज गरजेपेक्षा एक वाक्य जास्त बोला. 'मावशी, ही मेथी कुठली?' एवढं पुरे. छातीत धडधडेल, तरी उत्तर ऐकून घ्या आणि मगच निघा. हे महत्त्वाचं आहे. पळ काढला की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि मन तेवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती दुप्पट होते. थांबलात तर धडधड हळूहळू आपली आपण उतरते. हे एकदा अनुभवलं की अर्धी लढाई जिंकलीत.

पुढे ज्यांची मानसोपचार पद्धती जगभर गेली, ते अल्बर्ट एलिस तरुणपणी असेच होते. १९३३ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायचं स्वतःवर बंधन घातलं. १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. भेटायचं फक्त एकीने कबूल केलं, आणि तीही आली नाही. पण नकाराने काही बिघडत नाही हे त्यांना कळलं आणि भीती गेली. त्यांची नक्कल मात्र करू नका. बागेत शांत बसलेल्या बाईला आपल्या सरावासाठी त्रास देणं मला पटत नाही. त्यांच्याकडून चिकाटी घ्या.

मग जागा निवडा. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. लाजाळू माणसाला समोरासमोर बसून गप्पा मारणं जड जातं, शेजारी उभं राहून काम करणं जमतं. म्हणून जिथे हाताला काम आहे आणि तेच चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात अशी जागा हवी. हौशी नाटकाचा गट, गडसंवर्धनाची मोहीम, गाण्याचा क्लास, काहीही चालेल. एका दिवसाच्या ट्रेकला दर वेळी नवी माणसं असतात, त्यात आपल्यासारख्यांचा सूर लागेपर्यंत उतरायची वेळ होते.

मी पुण्यात ढोल-ताशा पथकात गेलो. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सराव सुरू होतो. पहिल्या आठवड्यात माझी बोटं सोलवटली. शेजारी वाजवणाऱ्या मुलीने न बोलता चिकटपट्टीचा रोल पुढे केला. तिच्या चारही बोटांना पट्ट्या होत्या, कडा घामाने काळ्या पडलेल्या. मी विचारलं, 'पट्टी सांध्याच्या वर लावायची की खाली?' तिने माझ्या हाताकडे बघत नीट समजावून सांगितलं. आमचं पहिलं बोलणं हे. पथकात ढोल ताणायला दोन माणसं लागतात, एक दोरी ओढतो, एक धरून ठेवतो. बोलायला विषय शोधावा लागत नाही, दोरी सैल पडली हाच विषय.

ऐका आणि लक्षात ठेवा. मंगळवारी ती म्हणाली की गुरुवारी पेपर आहे, तर शुक्रवारी 'पेपर कसा गेला?' एवढं विचारा. लाजाळू माणसाचं हे बळ आहे, कारण तो बोलतो कमी आणि ऐकतो जास्त.

विचारायचं तर स्पष्ट विचारा. रात्री बाराला लांबलचक मेसेज नको, मित्राकरवी निरोप तर मुळीच नको. दिवस, वेळ, जागा सांगा आणि नाही म्हणायला वाट ठेवा: 'रविवारी सकाळी तळजाईला चालायला येशील? मला तुझ्याशी निवांत बोलायला आवडेल. जमत नसेल तर अगदी मोकळेपणाने सांग.'

'बघते', 'सांगते' आणि त्यानंतर शांतता, याचा अर्थ नाही असाच धरा. पुन्हा विचारू नका, कारण मागू नका. दुसऱ्या दिवशी सरावाला मात्र नेहमीसारखे जा, आणि तिलाही अवघडल्यासारखं वाटणार नाही असं वागा. मला तिच्याआधी एकीने नाही म्हटलं होतं. आठवडाभर जेवण गेलं नाही, तरी सराव चुकवला नाही.

कांदेपोह्यांच्या वाटेने जात असाल तर तीही चांगलीच वाट आहे. फक्त सगळं बोलणं आईवर सोडू नका. 'तुम्ही दोघं जरा बाहेर बोलून या' म्हटल्यावर आधीच सांगून टाका, 'मला बोलायला थोडा वेळ लागतो.' हे एक वाक्य समोरच्या व्यक्तीचाही ताण उतरवतं.

माणसांत जायच्या विचारानेच झोप उडत असेल, कामावर बोलणं अशक्य होत असेल, तर समुपदेशकाची मदत घ्या. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आणि वेळ ठरवून ठेवा, नाहीतर 'पुढच्या आठवड्यात' कधीच येत नाही. मी अनंत चतुर्दशी ठरवली होती, कारण त्यानंतर सराव संपणार होता. विसर्जनाच्या पहाटे ढोल टेम्पोत चढवताना मी तिला विचारलं. आवाज कापत होता. ती म्हणाली, 'रविवारी नको, झोपायचंय. सोमवारी चालेल?'