मोटरहोममध्ये आमच्या मोत्याची धाप कशी कमी झाली

दुपारी मोटरहोम, म्हणजे आमची राहायची सोय असलेली गाडी, उभी केली की आमचा कुत्रा मोत्या जीभ बाहेर काढून धापा टाकायचा. छतावरचा १२ व्होल्टचा पंखा चालू, सगळ्या खिडक्या उघड्या, तरी आत नुसती भट्टी. नवरा दुसरा पंखा घ्यायला निघाला होता. म्हटलं, थांब जरा.

पंखा हवा बाहेर फेकेल असा फिरवला आणि मोत्याच्या अंथरुणाजवळची, सावलीतली एकच खिडकी चार बोटं उघडी ठेवली. टिश्यूचा तुकडा तिथे धरला तर सरळ आत ओढला गेला! सगळ्या खिडक्या उघड्या असल्या की पंखा जवळच्या खिडकीचीच हवा ओढतो, खालपर्यंत झुळूक येतच नाही. पुढच्या काचेवर चंदेरी पडदा बाहेरून लावला.

एवढं करूनही उन्हात त्याला एकटं सोडत नाही. बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. सामान आणायला एकानेच जायचं.